उजवा हात टू, डावा हात इंग

चष्म्याच्या दुकानावर पहिल्या मजल्यावर तो क्लास होता. परदेशात नोकरीला जाऊ पाहणाऱ्यांना इंग्रजीच्या परीक्षेत पास करून देण्याचा. त्यात व्याकरण शिकवणाऱ्या बाईंना मुलं पाठीमागे 'टू-इंगच्या बाई' म्हणत. तोंडावर अर्थातच मॅडम. बाईंना हे नाव ठाऊक होतं आणि मनातून आवडतही होतं, कारण शिक्षकाला त्याच्या विषयाच्या नावाने ओळखतात यासारखा सन्मान नाही, असं त्यांचं मत होतं. मुलांचं मत वेगळं असावं, पण ते कोणी विचारलं नव्हतं.

सव्वीस वर्षं बाई एकच गोष्ट शिकवत आल्या होत्या. इंग्रजीत काही क्रियापदांच्या पुढे 'टू' लागतो आणि काहींच्या पुढच्या शब्दाला 'इंग'ची शेपटी लागते. वॉन्ट, होप, डिसाइड, प्रॉमिस, रिफ्यूज ही टू-वाली. एन्जॉय, अव्हॉइड, फिनिश, सजेस्ट ही इंग-वाली. का, असं विचारायचं नाही. इंग्रजांनी स्वतः कधी विचारलं नाही, तर आपण कोण लागून गेलो? बाईंनी एक मोठा तक्ता केला होता, दोन रकान्यांचा, आणि तो फळ्याशेजारी इतकी वर्षं लटकत होता की त्याच्यामागची भिंत अजून नव्या रंगाची होती.

पण बाईंचं खरं कर्तृत्व तक्ता नव्हे. तक्ता कोणीही करतो. बाईंनी हात शोधून काढले होते. टू-वालं क्रियापद आलं की उजवा हात पुढे ढकलायचा, कारण मामला पुढचा आहे, अजून व्हायचा आहे. इंग-वालं आलं की डावा हात पळीने ढवळावं तसा गोल फिरवायचा, कारण मामला चालू आहे. आणि स्टॉप, रिमेंबर, ट्राय अशी दोन्ही डगरींवर पाय ठेवणारी क्रियापदं आली की दोन्ही हात. वीस खुर्च्यांवरची वीस माणसं, त्यात बायका-पुरुष, वेल्डर, ड्रायव्हर, नवऱ्याकडे निघालेल्या नवऱ्या, सगळी एका सुरात 'होप' म्हणून हात पुढे करत आणि 'एन्जॉय' म्हणून ढवळत. खालचा चष्मेवाला म्हणायचा, "वर कवायत सुरू झाली की माझ्या फ्रेमा काचेवर नाचतात." बाई ही तक्रार घरी कौतुक म्हणून सांगत.

आता एक गोष्ट, जी बाईंनी जिवापाड लपवली होती. बाईंना इंग्रजी बोलता येत नव्हतं.

म्हणजे वाचता येत होतं. दुसऱ्याची चूक शंभर पावलांवरून दिसत होती. वहीतली उदाहरणाची वाक्यं तर अशी खणखणीत म्हणत की ऐकणाऱ्याला वाटावं, बाईंचं लहानपण इंग्लंडच्या राणीच्या बागेत गेलंय. "आय एन्जॉय स्विमिंग." बाईंना पाण्याची इतकी भीती, की बादली काठोकाठ भरली तरी त्या दोन पावलं मागे सरत. पण स्वतःच्या मनातलं एक वाक्य, स्वतःचं असं, समोरच्या माणसाला इंग्रजीत सांगायचं म्हटलं की जीभ टाळ्याला चिकटायची. एकदा क्लासच्या जिन्यापाशी एका परदेशी पाहुण्याने त्यांना चष्म्याचं दुकान कुठे आहे असं विचारलं. दुकान बाईंच्या पाठीमागे चार फुटांवर होतं. बाई खाली वाकल्या आणि तो निघून जाईपर्यंत चपलेचा पट्टा नीट करत राहिल्या. त्या चपलेला पट्टा नव्हता.

बोलण्याच्या तयारीसाठी क्लासने वेगळे सर ठेवले होते. ते गुरुवारी येत, प्रत्येकाला "रिलॅक्स" म्हणत आणि घड्याळाकडे बघत. बाई गुरुवारी रजा घेत.

हे गुपित एकट्या नवऱ्याला माहीत होतं. तो लिफ्ट दुरुस्त करायचं काम करी. "अगं, माझ्या धंद्यातही दोनच बटणं," तो म्हणे, "वर आणि खाली. पण माझी लिफ्ट हलते तरी." बाई आमटीकडे वळत. त्या दिवशी आमटीत मीठ नेमकं जास्त पडायचं.

तर अशा या सुरळीत चाललेल्या संसारात आणि क्लासात एका परीक्षेने माती कालवली.

त्या वेळच्या तुकडीत अकरा नर्स होत्या. त्यातली एक हाडांच्या वॉर्डात काम करणारी, चौतिशीची, सगळे तिला सिस्टरच म्हणत, क्लासातसुद्धा. ती याआधी दोनदा नापास झाली होती, दोन्ही वेळा व्याकरणात. तिकडच्या हॉस्पिटलने तिला नेमणुकीचं पत्र दिलं होतं आणि त्यावर स्वच्छ लिहिलं होतं की महिनाअखेरपर्यंत निकाल दाखवा, नाहीतर जागा दुसरीला जाईल. सिस्टरने इथला राजीनामा देऊन टाकला होता. मुलीला आपल्या आईकडे ठेवायचं ठरलं होतं. म्हणजे गाडी स्टेशनातून सुटली होती आणि ही फलाटावर तिकीट शोधत होती, अशातला प्रकार.

परीक्षा झाली. पेपर बऱ्यापैकी सोपा होता. गाळलेल्या जागा, प्रत्येक जागेला दोन पर्याय, पहिल्या रकान्यात टू, दुसऱ्यात इंग. अकराजणी एकाच खोलीत बसल्या होत्या. पेपर सुरू होऊन दहा मिनिटं झाली आणि पर्यवेक्षिकेला एक अद्भुत दृश्य दिसलं. अकरा बायका पेपरात डोकं खुपसून बसल्यात, आणि बाकांखाली अकरा उजवे हात पुढे जातायत, मग अकरा डावे हात गोल फिरतायत. जवळजवळ एकदमच. पर्यवेक्षिका हुशार होती. तिने आपल्या नोकरीत चिठ्ठ्या पकडल्या होत्या, तळहातावरची शाई पकडली होती, पण इतकं शिस्तबद्ध काही पाहिलं नव्हतं. उजवा म्हणजे पहिला पर्याय, डावा म्हणजे दुसरा. तिने शांतपणे पाऊण पान अहवाल लिहिला.

उत्तरपत्रिका काढून पाहिल्या तर अकराही जणींची उत्तरं सारखी निघाली. ती सारखी होती कारण ती बरोबर होती. पण इतक्या जणींनी एकाच वेळी बरोबर असावं ही गोष्ट परीक्षा कार्यालयाला पटण्यासारखी नव्हती.

आठवड्याने क्लासमध्ये पत्र आलं. संगनमताने हस्तसंकेत केल्याच्या संशयावरून अकरा निकाल रोखले आहेत. क्लासतर्फे जबाबदार व्यक्तीने आठ दिवसांत समक्ष येऊन खुलासा करावा. खुलासा समाधानकारक नसल्यास अकराही उमेदवारांना दोन वर्षं बंदी. पत्र इंग्रजीत होतं. बाईंनी ते वाचताना दोन चुका काढल्या आणि मग खुर्चीत बसल्या.

क्लासचा मालक स्वतःला डायरेक्टर म्हणवून घेई. प्लायवूडच्या केबिनमध्ये बसून कशाला डायरेक्शन देत असे ते देव जाणे. त्याने बाईंना आत बोलावलं, दार लावलं, जे लावूनही बाहेर सगळं ऐकू यायचं, आणि एक टाइप केलेला कागद पुढे सरकवला.

"बाई, घाबरू नका. मी सगळा विचार केलाय. तुम्ही एवढंच लिहून द्यायचं की ही हातांची पद्धत आपल्या क्लासात शिकवली जात नाही. मुलींनी आपल्या आपण ठरवलं असेल काहीतरी. विषय संपला."

"पण शिकवली जाते," बाई म्हणाल्या. "मीच शिकवते. तुम्हालाही शिकवली होती."

"हो, ते झालं. पण तुम्हाला तिथे जायचंय का? तिघांची समिती आहे. सगळं इंग्रजीत चालतं म्हणे. उलटतपासणी करतात." डायरेक्टर हे सहज बोलला. त्याला गुपित माहीत नव्हतं. पण नेम न धरता मारलेला दगडही कधीकधी बरोबर कपाळावर बसतो.

इथे बाईंविषयी खरं सांगायला हवं. त्यांनी पेन उघडलं. अकरा जणींचं नुकसान त्यांना दिसत नव्हतं असं नाही, पण तीन माणसं टेबलापलीकडे बसलीयत आणि आपल्या तोंडातून एक शब्द फुटत नाही, हे चित्र जास्त ठळक दिसत होतं. सव्वीस वर्षांची अब्रू एका बाजूला आणि एक सही दुसऱ्या बाजूला. सही स्वस्त होती. "उद्या देते," एवढं म्हणून त्या कागद घेऊन बाहेर आल्या, आणि जिन्यात सिस्टर उभी होती.

सिस्टर रडत नव्हती, भांडतही नव्हती. तिने भांडावं अशी बाईंची फार इच्छा होती. म्हणजे मग रागावता आलं असतं, आणि रागाच्या भरात सही सोपी जाते.

"बाई, खरंच सांगते, माझे हात हलले हे मला कळलंच नाही," सिस्टर म्हणाली. "मी खुणा कशाला करू? मला तर बाजूला कोण बसलंय तेही माहीत नव्हतं. मला फक्त जायचंय हो."

आणि 'जायचंय' म्हणताना तिचा उजवा हात पुढे गेला. मराठीत. जिन्यात. तिचं लक्षही नव्हतं. बाईंनी मात्र तो हात पाहिला. हे आपण करून ठेवलंय, असं त्यांना स्पष्ट वाटलं. त्यांनी कागदाची चौघडी केली आणि पर्समध्ये इतक्या खाली कोंबली की पुन्हा सापडू नये.

"मी जाते समितीपुढे," त्या म्हणाल्या.

पुढचे चार दिवस सकाळी स्वयंपाकघरात तालीम चालली. बाईंनी आठ वाक्यं लिहून पाठ केली. नवरा अध्यक्ष झाला. खांद्यावर टॉवेल टाकून तो ओट्याला टेकायचा आणि जाड आवाजात "येस?" म्हणायचा, कारण त्याला इंग्रजीतलं तेवढंच येत होतं.

"अहो, पण त्यांनी आठ सोडून नववंच विचारलं तर?"

"मग तू आठवं परत म्हण. सरकारी माणसं आहेत, ऐकत थोडीच असतात?" असं म्हणून त्याने टॉवेलने तोंड पुसलं. मग जरा गंभीर होऊन म्हणाला, "मी येऊ का सोबत? बाहेर बाकावर बसतो." बाईंनी नको म्हटलं. पण त्याने विचारलं याचं त्यांना बरं वाटलं, आणि त्या दिवशी आमटी ठीक झाली.

समितीची खोली थंडगार होती. मध्ये कोट घातलेले अध्यक्ष, एका बाजूला स्वेटर घातलेल्या सदस्य बाई, दुसऱ्या बाजूला टाइप करणारा कारकून, ज्याला समितीत धरलं होतं कारण तीन ही संख्या भरायची होती. अध्यक्षांनी समोरच्या कागदावरून एक लांबलचक इंग्रजी प्रश्न वाचला. बाईंना तो शब्दन् शब्द कळला. तो नववा होता.

बाईंनी तोंड उघडलं. तिसरं वाक्य म्हटलं. त्याचा प्रश्नाशी काही संबंध नव्हता. अध्यक्षांनी भुवया वर केल्या आणि आणखी एक प्रश्न वाचला. बाईंनी पाचवं वाक्य अर्ध्यापर्यंत नेलं, तिथे ते तुटलं, आणि मग डोकं पांढरं फटक झालं. कानात नुसता एसीचा आवाज. काहीतरी बोललंच पाहिजे म्हणून सव्वीस वर्षांच्या सवयीने जे वर येऊन बसलं होतं तेच बाहेर पडलं.

"आय एन्जॉय स्विमिंग," बाई म्हणाल्या.

कारकुनाने ते टाइप केलं.

बाईंना वाटलं, संपलं. अकरा जणी बुडाल्या आणि आपणही, स्विमिंगसकट. पण स्वेटरवाल्या बाई पुढे झुकून त्यांच्या चेहऱ्याकडे नव्हे, हाताकडे बघत होत्या. डावा हात टेबलाच्या कडेला गोल फिरून नुकताच थांबला होता.

स्वेटरवाल्या बाईंनी कागद ओढला आणि काही न सांगता हळू आवाजात म्हणाल्या, "होप." बाईंचा उजवा हात पुढे गेला. "अव्हॉइड." डावा फिरला. "प्रॉमिस." उजवा. "फिनिश." डावा. "ट्राय." दोन्ही. बाई घाबरून समोर बघत बसलेल्या, आणि हात आपले कामावर. कारकुनाने टायपिंग सोडलं. चाळीस क्रियापदं झाली, एकही चूक नाही. एकेचाळिसाव्याला अध्यक्षांचाही उजवा हात थोडा हलल्यासारखा वाटला.

"हे तुम्ही मुद्दाम करता?" स्वेटरवाल्या बाईंनी विचारलं. आपल्या भाषेत.

"काय?" बाई म्हणाल्या.

तिथेच खुलासा झाला. पुढे बाईंनी सगळं सांगितलं, तक्ता, क्लास, जिन्यातली सिस्टर, घडाघडा, मराठीत, अर्धा तास. अध्यक्षांनी कोटाचं बटण सोडलं. "अहो बाई, आधीच सांगायचं ना! आपल्याच भाषेत बोललो असतो. ते प्रश्न लिहायला माझी काल अख्खी दुपार गेली." बाईंना हसावं की रडावं ते कळेना. चार दिवस त्यांनी आठ वाक्यं घोकली होती, आणि इथे दोन्ही बाजूंनी एकमेकांना घाबरून परभाषा चालवली होती.

चार दिवसांनी आदेश आला. त्यात दोन परिच्छेद होते. पहिल्यात लिहिलं होतं की संबंधित हालचाली हे संकेत नसून अध्यापन-पद्धतीचा परिणाम आहे अशी समितीची खात्री पटली, सबब अकराही निकाल तत्काळ जाहीर करावेत. दुसऱ्यात लिहिलं होतं की संबंधित शिक्षिकेला स्वतःला इंग्रजी बोलता येत नाही हे समितीच्या निदर्शनास आलं असून क्लासने याची नोंद घ्यावी.

डायरेक्टरने नोंद घेतली. त्याने आदेशाचा खालचा अर्धा भाग कात्रीने कापला आणि वरचा फ्रेम करून दारात लावला. महिन्याभरात चौकात फलक लागला, 'समितीने मान्य केलेली हस्तपद्धती', आणि त्यावर बाईंचे दोन हात, मनगटापासून पुढे. बाकी बाई फलकावर नव्हत्या. तीन नव्या तुकड्या सुरू झाल्या. म्हणजे जे सव्वीस वर्षं झाकून ठेवलं ते सरकारी कागदावर लिहून आलं, आणि मालकाने कात्रीच्या एका फटक्यात पुन्हा झाकून टाकलं. बाईंनी त्या फ्रेमकडे बघणं सोडलं. सिस्टर तिच्या पत्रातली मुदत संपायच्या दोन दिवस आधीच विमानात बसली होती.

पाचेक महिन्यांनी, एका दुपारी, बाई वह्या तपासत असताना सिस्टरचा फोन आला. आधी इकडचं तिकडचं झालं. मुलगी आजीपाशी रुळली, तिकडे थंडी फार, शिफ्ट बरी आहे. मग सिस्टर मुद्द्यावर आली.

"बाई, इथे एक आजी आहेत. कमरेचं हाड मोडलंय. पहिल्या दिवशी त्यांनी विचारलं, तुला इथे आवडतं का? साधा प्रश्न. माझा डावा हात फिरला, आणि तोंडातून काही येईना. आजींना वाटलं, मी त्यांना कूस बदलायला सांगतेय. त्या बिचाऱ्या एवढ्या दुखण्यात वळायला लागल्या." ती हसली, पण ते हसू लवकर संपलं. "सगळं कळतं हो. पेपर द्या, आत्ता सोडवते. पण मला कोणाशी बोलता येत नाही. जेवायला एकटी बसते. बाई, मला बोलायला शिकवा ना. रोज दहा मिनिटं, फोनवर."

बाईंनी हातातली वही मिटली. एक सही केली असती तर ही बाई आज आपल्या पोरीपाशी असती, असंही त्यांच्या मनात येऊन गेलं. आपण हिला पास केलं आणि हुबेहूब आपल्यासारखी करून विमानात बसवलं. असल्या अकराजणी पाठवल्या, आणि त्याआधी किती, त्याचा हिशेब नाही. त्यांना स्वतःची मनापासून लाज वाटली.

"त्या गुरुवारच्या सरांचा नंबर देते," त्या म्हणाल्या.

"सर नकोत."

"अगं, ऐक तर. मला..." बाई थांबल्या. समोर कोणी नव्हतं, तरी त्यांनी दाराकडे पाहिलं. "मला येत नाही. बोलता. मला इंग्रजी बोलता येत नाही."

"माहीत आहे," सिस्टर म्हणाली. "आम्हाला सगळ्यांना माहीत होतं. म्हणून तर तुम्हाला विचारतेय. ज्यांना येतं त्यांच्यासमोर माझी जीभच वळत नाही."

पलीकडे कोणाची तरी ट्रॉली गेल्याचा आवाज आला. मग बाईंनी फोन टेबलावर ठेवून स्पीकर चालू केला, दोन्ही हात मांडीखाली दाबून धरले, आणि आज सकाळी घरात काय झालं ते इंग्रजीत सांगायला लागल्या. पहिलंच वाक्य चुकलं. पलीकडून प्रश्न आला, तोही चुकीचाच होता, आणि बाईंनी त्याचं उत्तर दिलं.